पोट घेऊन स्टेडियमवर या

चाळिशी ओलांडलेला पुरुष सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत साधारण केव्हा येतो? छातीत कळ आल्यावर, पायाची जखम महिनाभर भरून न आल्यावर, किंवा बायकोने आणि मुलीने मिळून दंडाला धरून आणल्यावर. केसपेपरवर वजन ९६ किलो, रक्तदाब १६०/१००, उपाशीपोटीची साखर १८०. ‘किती दिवसांपासून त्रास आहे?’ या प्रश्नाला तो ‘कालपासून’ असे सांगतो आणि मागे उभी असलेली बायको मान हलवते. पुढचा सल्ला सगळ्यांना पाठ असतो. चालायला जा, तेल-मीठ कमी करा, तंबाखू सोडा. तो ‘हो साहेब’ म्हणतो आणि गोळ्या घेऊन जातो. महिन्याने यायला सांगितलेले असते, तो सहा महिन्यांनी येतो. कधी येतच नाही.

ही तक्रार केवळ आपल्याकडची नाही. वजन कमी करण्याचे कार्यक्रम, मग ते सरकारी असोत की खासगी, जगभर प्रामुख्याने बायकांनी भरलेले असतात. पुरुषांना ते ‘आपले’ वाटत नाहीत. स्कॉटलंडमध्ये तर ही अडचण फार मोठी होती, कारण पश्चिम युरोपात प्रकृतीच्या बाबतीत जे भाग सर्वांत मागे समजले जातात त्यांत ग्लासगोचे नाव हमखास येते. तिथल्या संशोधकांनी मग उलटा विचार केला. हे पुरुष दवाखान्यात येत नाहीत, पण दर शनिवारी न चुकता कुठे जातात? फुटबॉलच्या मैदानावर. थंडी, पाऊस, संघाचा सलग पाचवा पराभव, काहीही असले तरी जातात. तर मग वजनकाटा तिथेच न्यावा.

यातून २०१० च्या सुमारास ‘फुटबॉल फॅन्स इन ट्रेनिंग’ हा उपक्रम सुरू झाला. नाव पाहून फुटबॉलचे प्रशिक्षण वाटेल, पण तसे नाही. हा वजन कमी करण्याचा बारा आठवड्यांचा वर्ग आहे. आठवड्यातून एकदा दीड तास, आपल्या लाडक्या क्लबच्या स्टेडियममध्ये, फुकट. शिकवणारे डॉक्टर नाहीत, आहारतज्ज्ञही नाहीत. क्लबच्या धर्मादाय संस्थेत काम करणारे, एरवी वस्तीतल्या मुलांना खेळ शिकवणारे प्रशिक्षकच हा वर्ग घेतात. त्यांना त्यासाठी वेगळे प्रशिक्षण दिले जाते. वर्गाचा काही वेळ बसून बोलण्यात जातो. ताटात काय किती असावे, बिअरमधून किती उष्मांक पोटात जातात, पुढच्या आठवड्यासाठी जमेल असे एखादेच उद्दिष्ट कसे ठरवायचे, असे विषय असतात. उरलेला वेळ व्यायामाचा. कमरेला पावले मोजायचे छोटे यंत्र लावून चालण्यापासून सुरुवात होते आणि ते चालणे आठवड्यागणिक वाढत जाते.

अशा उपक्रमांची छायाचित्रे छान येतात, टीशर्ट छान दिसतात आणि अहवालात ‘हजारो लाभार्थी’ लिहिले जातात. वैद्यकशास्त्राला तेवढे पुरत नाही. म्हणून ग्लासगो विद्यापीठाच्या केट हंट, सॅली वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची तपासणी नव्या औषधाची करतात तशी केली. स्कॉटलंडमधील १३ व्यावसायिक क्लबांतून ३५ ते ६५ वयाचे, स्थूल असे ७४७ पुरुष घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला लगेच वर्ग मिळाला, तर दुसऱ्याच्या हातात वजनाविषयीची पुस्तिका देऊन ‘तुमचा नंबर वर्षभराने’ असे सांगण्यात आले. वर्षाने सगळ्यांची वजने पुन्हा घेतली. वर्गात गेलेल्यांचे वजन सरासरी साडेपाच किलोंनी उतरले होते, तर पुस्तिकावाल्यांचे जेमतेम अर्धा किलो. आपल्या वजनाच्या ५ टक्के किंवा त्याहून अधिक घट पहिल्या गटात ३९ टक्के जणांनी साधली, दुसऱ्या गटात ११ टक्के जणांनी. हा अभ्यास २०१४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

पाच किलो म्हणजे काय मोठेसे, असे कुणी म्हणेल. शंभर किलोच्या माणसात पाच किलोने आरशात फारसा फरक दिसत नाही, हे खरे. पण रक्तदाब आणि साखर यांना तो फरक कळतो. शिवाय खरी परीक्षा वजन उतरवण्याची नसतेच, उतरलेले वजन तिथे टिकवण्याची असते. याच पुरुषांना साडेतीन वर्षांनी पुन्हा गाठले, तेव्हा काही वजन परत चढलेले होते. तरी सुरुवातीपेक्षा ते सरासरी २.९ किलो कमीच होते. बारा बैठकांचा परिणाम साडेतीन वर्षे उरावा, हे स्थूलतेवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सहज घडणारे नव्हे. खर्चाचा हिशेबही मांडला गेला. निरोगी आयुष्याच्या एका वाढीव वर्षामागे सुमारे १३,८०० पौंड. ब्रिटनची आरोग्यव्यवस्था नवे उपचार स्वीकारताना २० हजार पौंडांची जी ढोबळ मर्यादा तेव्हा मानत असे, तिच्या हे बरेच आत बसत होते.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. एक, या काळात वर्गाशी थेट संबंध जोडता येईल अशा दोन गंभीर घटना घडल्या. एकाचा टाचेजवळचा स्नायुबंध तुटला आणि एकाचे पित्ताशय काढावे लागले. वजन भराभर उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. वर्षानुवर्षे न हललेल्या माणसाला एकदम धावायला लावण्यात धोका असतो. म्हणूनच या कार्यक्रमात सुरुवात चालण्यापासून होते, प्रत्यक्ष फुटबॉलपासून नाही. दुसरी गोष्ट, हाच प्रयोग ‘युरोफिट’ नावाने इंग्लंड, नेदरलँड्स, नॉर्वे आणि पोर्तुगालमधील १५ क्लबांत ११०० हून अधिक पुरुषांवर केला गेला. वर्षानंतर त्यांचे चालणे दिवसाला सरासरी ६७८ पावलांनी वाढलेले आढळले, पण बसून राहण्याचा वेळ काही घटला नाही. जास्त चालले, पण बसले तेवढेच! माणूस असाच आहे.

हे घडले कसे, याचे उत्तर औषधशास्त्रात नाही. वर्गात येणाऱ्यांना क्लबचा टीशर्ट मिळे, आणि एरवी बंद असणाऱ्या दारांतून आत जाता येई. खेळाडूंची जाण्या-येण्याची वाट, कपडे बदलण्याची खोली, मैदानाच्या कडेची पट्टी. ज्या माणसाला तपासणीच्या टेबलावर शर्ट काढायचा संकोच वाटतो, तो इथे आपल्यासारख्याच पोटांच्या रांगेत बिनधास्त उभा राहतो. चेष्टामस्करी चालते, पण ती घरातली. वजनकाट्यावर चढताना समोर पांढरा कोट नसतो. ‘तुम्ही चुकता आहात’ असे कुणी म्हणत नाही. सल्ला तोच, माणसे तीच, फक्त जागा आणि सांगणारा बदलला. ओपीडीत तीन मिनिटांत सांगितलेला सल्ला वाया का जातो, याचे उत्तर डॉक्टरांनी याहून अधिक प्रामाणिकपणे शोधण्याची गरज आहे.

फुटबॉल क्लब आणि धर्मादाय यांचे नाते तसे जुने आहे. ग्लासगोचा सेल्टिक क्लब १८८७ मध्ये स्थापन झाला तोच मुळी भुकेल्या मुलांच्या जेवणासाठी. आयर्लंडमधून दुष्काळाने आणि दारिद्र्याने हुसकावलेली कुटुंबे शहराच्या पूर्व भागात दाटीवाटीने राहत होती. ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूने तिथल्या मुलांच्या भोजनासाठी पैसा उभारावा म्हणून कॅल्टन भागातल्या चर्चच्या सभागृहात बैठक बोलावली आणि क्लब जन्माला आला. दहा वर्षांत, १८९७ साली, त्याची मर्यादित कंपनी झाली, भागधारक आले आणि मुलांच्या ताटाचा विषय मागे पडला. क्लबने धर्मादाय निधी पुन्हा उभा केला तो १९९० च्या दशकात. इंग्लंडमध्ये १९८५ हे फुटबॉलच्या बदनामीचे वर्ष ठरले. हेसेलची चेंगराचेंगरी, ब्रॅडफर्डची आग, प्रेक्षकांची गुंडगिरी. त्यानंतर १९८६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेच्या पुढाकाराने वायव्य इंग्लंडमधील सहा क्लबांत ‘फुटबॉल इन द कम्युनिटी’ योजना सुरू झाली. तिचाच विस्तार म्हणजे आज जवळपास प्रत्येक व्यावसायिक क्लबशी जोडलेली धर्मादाय संस्था. लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबची संस्था १९८८ पासून आहे आणि मनोविकारांपासून एकाकी वृद्धांपर्यंत अनेकांसाठी ती काम करते. त्याच शहरात एव्हर्टन आणि लिव्हरपूल या हाडवैरी संघांच्या चाहत्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन अन्नपेढीसाठी सामन्याच्या दिवशी डबाबंद अन्न गोळा करायला सुरुवात केली. यात क्लबचे मालक नव्हते, कुणी प्रायोजकही नव्हता. माणसे स्टेडियमच्या दाराशी पिशव्या घेऊन उभी राहिली.

कौतुक इथपर्यंत ठीक आहे. पण पुन्हा त्या कॅल्टनकडे वळू. आरोग्याच्या सामाजिक कारणांवरचा जागतिक आरोग्य संघटनेचा गाजलेला अहवाल २००८ मध्ये आला. त्यात कॅल्टनमधील पुरुषाचे अपेक्षित आयुर्मान ५४ वर्षे आणि तिथून काही किलोमीटरवरच्या लेंझी या सुखवस्तू उपनगरात ८२ वर्षे असल्याचे नमूद होते. एकाच शहराच्या परिसरात २८ वर्षांचा फरक! कॅल्टनमध्ये बेघरांची वसतिगृहे असल्यामुळे तो आकडा अधिकच खाली गेला, हा आक्षेप रास्त आहे. तो वजा केला तरी दरी उरतेच. म्हणजे ज्या वस्तीत गरीब मुलांसाठी क्लब स्थापन झाला, ज्या वस्तीच्या शेजारी साठ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले, तिथला पुरुष सव्वाशे वर्षांनीही अकालीच मरत होता. क्लबची संस्था पाच किलो वजन कमी करू शकते. बंद पडलेला कारखाना, ओल आलेले घर, दारू आणि हेरॉइन यांवर तिच्याकडे उपाय नाही. तो असावा अशी अपेक्षाही चुकीची आहे.

धोका निर्माण होतो तो राज्यकर्ते अशी अपेक्षा करू लागतात तेव्हा. ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळात स्थानिक संस्थांचा पैसा आटला, तरुणांसाठीची केंद्रे बंद पडली, आणि ती पोकळी भरायला क्लबांच्या संस्था पुढे आल्या. त्यांनी चांगले काम केले, पण जे काम हक्काचे होते ते देणगीचे झाले. देणगी संघाच्या कामगिरीवर अवलंबून असते. संघ खालच्या श्रेणीत घसरला की उत्पन्न घसरते. रक्तदाबाचा रुग्ण मात्र श्रेणी बदलत नाही.

आणि पैसा येतो कुठून? ही बाब सर्वांत अवघड आहे. वर वर्णन केलेल्या स्कॉटिश उपक्रमाचे वर्ग चालवण्याचा खर्च तिथल्या सरकारने आणि ‘फुटबॉल पूल्स’ने उचलला. मूल्यमापनाचा खर्च वेगळ्या सरकारी संशोधन निधीतून झाला आणि ही सारी माहिती शोधनिबंधात उघड लिहिलेली आहे. ‘फुटबॉल पूल्स’ म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैजा लावण्याची ब्रिटनमधली जुनी पद्धत. अशा पैशातून शेकडो कुटुंबांतील पुरुषांचे वजन उतरले, हे नाकारता येत नाही. पण जुगार हाही आज सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानला जातो. जुगाराच्या व्यसनापायी आत्महत्या केलेल्या तरुणांच्या आईवडिलांनी २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ‘गॅम्बलिंग विथ लाइव्ह्ज’ ही संस्था स्थापन केली आणि व्यसनातून बाहेर पडलेल्यांना घेऊन फुटबॉलच्या स्टेडियमांपर्यंत पदयात्रा काढल्या. क्लबची धर्मादाय संस्था एका दालनात पुरुषांना ‘मन मोकळे करा’ म्हणते आणि बाहेर मैदानावर खेळाडूच्या छातीवर पैजेच्या कंपनीचे नाव झळकते, हा विरोधाभास त्यांनी दारात जाऊन दाखवला. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ मध्ये, २०२५-२६ च्या मोसमाअखेर जर्सीच्या पुढच्या बाजूवरून अशी नावे काढण्याचे मान्य केले. बाहीवरची नावे मात्र या निर्णयात धरलेली नाहीत. छातीवर वाईट ते दंडावर चांगले कसे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यातले आपल्या कामाचे काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपली शरीरयष्टी युरोपियनांपेक्षा वेगळी. हातपाय बारीक आणि पोट पुढे. त्यामुळे आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की स्थूलता मानतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. स्कॉटलंडमधल्या त्या वर्गात प्रवेशासाठी किमान २८ ची अट होती. आपला माणूस तिथे ‘सडपातळ’ म्हणून परत पाठवला गेला असता आणि इथे पाच वर्षांत इन्सुलिनवर गेला असता. चेन्नईत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले, की उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार आणि व्यायामात बदल केल्यास, वजन फारसे न उतरताही, मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटते. तेव्हा किलोंचा आकडा जसाच्या तसा न घेता रीत तेवढी घ्यावी.

आणि ती रीत रुजायला महाराष्ट्रात एक जागा तयार आहे, ती म्हणजे कोल्हापूर. तिथे फुटबॉल हा दूरचित्रवाणीवरचा विषय नाही, पेठेचा विषय आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमी, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ यांच्यात सामना असला की शाहू स्टेडियम ओसंडून वाहते. कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला, आणि पोरगा कुठल्या संघाचा हे तो कुठल्या गल्लीत जन्मला यावर ठरते. महापुरात बोटी घेऊन पाण्यात उतरणारेही हेच कार्यकर्ते. म्हणजे ग्लासगोत ज्याला क्लबची धर्मादाय संस्था म्हणतात तिचा जीव इथे आधीच आहे, नोंदणीचा कागद वेगळा असेल इतकेच. सामन्यात होणारी हुल्लडबाजी आणि पोलीस बंदोबस्त हेही खरे. पण इंग्लंडमधल्या क्लबांनी वस्तीकडे मोर्चा वळवला तो अशाच बदनामीनंतर.

फुटबॉल गरिबांच्या पोरांना काय देऊ शकतो, हे नागपूरने तर जगाला दाखवले आहे. विजय बारसे यांनी २००१ मध्ये तिथल्या झोपडपट्टीतून सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि ‘झुंड’ चित्रपटामुळे ती कथा घरोघरी पोहोचली. पण ती मुलांची कथा आहे. गॅलरीत बसून तांबडा-पांढरा रस्सा आणि रेफ्री यांवर तितक्याच अधिकाराने बोलणारे त्यांचे बाप आणि काका यांच्यासाठी कुणी काही करत नाही. आई आणि आत्या तर अजून गॅलरीतही फारशा नाहीत. स्कॉटलंडमध्येही हा वर्ग बायकांसाठी उघडला तो नंतर.

खर्च फार नाही. एक वजनकाटा, एक मोजपट्टी, रक्तदाबाचे एक यंत्र, तालमीतला एक माजी खेळाडू ज्याचा शब्द पेठेत चालतो, आणि त्याला शिकवण्यासाठी महापालिकेच्या आरोग्य केंद्रातले कुणीतरी. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासायची, आणि छातीत दुखण्याची तक्रार असलेल्याला आधी रुग्णालयात पाठवायचे, मैदानात नाही. सुरुवात रंकाळ्याला एक फेरी मारण्यापासून करायची. आठवड्याला एक बैठक, त्यात उपदेश नको. मिसळ बंद करा म्हटले की पुढच्या आठवड्यात कुणी येणार नाही. पावाची संख्या आणि वरचा कट यावर मात्र तासभर चर्चा रंगेल. बारा आठवड्यांनी वजन घ्यायचे आणि वर्षाने पुन्हा घ्यायचे. हे दुसऱ्यांदा मोजणे आपल्याकडच्या शिबिरांत राहून जाते. ज्यांचा नंबर लगेच लागला नाही त्यांचीही वजने लिहून ठेवली, तर जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाला एक खरा अभ्यास मिळेल.

टीशर्टवर नाव कुणाचे असावे, हा वाद मात्र पहिल्याच बैठकीत मिटवायला हवा. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. गुटख्यावर राज्यात बंदी आहेच, तरी वेलचीच्या नावाखाली त्याच घराण्यांच्या जाहिराती दिसतात. असे प्रायोजक वजनकाट्याचे पैसे द्यायला पटकन पुढे येतील. वजनकाटा दोन-तीन हजारांत मिळतो, आणि तेवढी वर्गणी पेठेत एका संध्याकाळी जमते.